सत्र, पत्ता आणि एक तळटीप

माझ्या एम.फिल.च्या प्रबंधिकेत शेवटच्या प्रकरणाच्या अखेरीस एक तळटीप आहे. नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर पडले त्या प्रसंगाविषयी आसपासच्या गावांतून जी मौखिक कथने ऐकायला मिळतात, त्यांचा परामर्श घेतल्यावर मी तळाशी प्रामाणिकपणे नोंदवले आहे : ‘कथनांच्या मूळ संहिता – एच ड्राइव्ह, “नेसरी” हा फोल्डर.’ प्रबंधिका 2005 सालची. परीक्षकांनी शुद्धलेखनाच्या बऱ्याच चुका काढल्या, या टिपेवर मात्र कुणी बोट ठेवले नाही. ते ठेवले वीस वर्षांनी, माझ्याच विभागातील एका विद्यार्थिनीने. तिला त्या संहिता हव्या होत्या. “मॅडम, हा एच ड्राइव्ह कुठं असतो?” असे तिने सरळ विचारले आणि मी निरुत्तर झाले.

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरासाठी बराच मागचा इतिहास पाहावा लागतो. संगणकजालावर आपण ‘बसतो’ म्हणजे काय करतो, आणि तेथे बसल्यावर समोर दिसणारी ए, सी, एफ, एच ही अक्षरे नेमकी कशाची नावे असतात, हे साहित्याच्या माणसाने आपल्या परीने समजून घ्यावे असा हा प्रयत्न आहे.

आधी त्या संहितांविषयी. 24 फेब्रुवारी 1674 या महाशिवरात्रीच्या दिवशी बहलोलखानाच्या फौजेवर प्रतापराव तुटून पडले आणि मारले गेले, एवढे इतिहासाला निश्चित ठाऊक आहे. सोबत सहा स्वार पडल्याचा उल्लेख इंग्रजांच्या पत्रव्यवहारात येतो, पण त्या सहांची नावे तेथे नाहीत. सभासद बखरीतही ती नाहीत. आज स्मारकाच्या संदर्भात जी सहा नावे सर्रास सांगितली जातात ती समकालीन कागदात सापडत नाहीत. सहा जागा आधी होत्या, नावे मागाहून येऊन बसली. ही नावे गावागणिक कशी बदलतात हे टिपण्यासाठी 2003 आणि 2004 च्या उन्हाळ्यांत मी कॅसेट रेकॉर्डर घेऊन नेसरीच्या परिसरात हिंडले. एका आजींनी तीनच नावे घेतली. बाकीच्यांचे काय, असे विचारल्यावर म्हणाल्या, “ती आमाला ठावं न्हाईत. ज्यांची ठावं हाईत त्यांची घेतली.” संशोधनपद्धतीवरचे इतके नेमके वाक्य मी त्यानंतर कोणत्याही परिसंवादात ऐकलेले नाही.

त्या काळी मी दुसऱ्या एका गावातील महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. तेथे बारा संगणकांची प्रयोगशाळा होती आणि कोपऱ्यात, काचेच्या दाराआड, एक सर्व्हर होता. संध्याकाळी वाणिज्य शाखेची मुले गेली की मी खिडकीपासूनच्या तिसऱ्या संगणकावर बसून कॅसेटी ऐकत संहिता टंकित करी. नाव आणि पासवर्ड दिला की ‘माय कॉम्प्युटर’मध्ये सी आणि डी यांच्या खाली आणखी दोन चित्रे येत : एच आणि एस. एच माझा स्वतःचा, एस सर्वांचा. एसवर परीक्षेची वेळापत्रके आणि बिंदुनामावलीचे तक्ते असत. एच हा त्या तिसऱ्या संगणकाच्या पोटात आहे अशी माझी पक्की समजूत होती. म्हणून तो संगणक दुसऱ्या कुणी अडवलेला असला की मी थांबून राही. प्रयोगशाळा-सहायक हसत, पण समजावून सांगण्याच्या फंदात कधी पडले नाहीत.

जालाच्या परिभाषेत अशा बसण्याला ‘सेशन’ म्हणतात. मराठीत आपण त्याला ‘सत्र’ हा प्रतिशब्द केला आणि तो इतका अचूक बसला की तो योगायोग वाटू नये. सत्र हा शब्द संस्कृत ‘सद्’ म्हणजे बसणे या धातूवरून आला. संसद, परिषद, उपनिषद, सदस्य ही सारी त्याच घरातली मंडळी. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेला लॅटिन धातूही बसण्याचाच, आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही धातू सख्खे. नैमिषारण्यात शौनकाच्या बारा वर्षांच्या सत्रात सूताने महाभारत सांगितले, हे आपण पहिल्या वर्षाला शिकवतोच. सत्र चालू असेपर्यंत सभा, सत्र संपले की ऋषी आपापल्या आश्रमाला. सांगितलेले कुठे राहिले, हा प्रश्न तेथेही उरतोच.

संगणकापुढे एकाच वेळी अनेकांना बसवण्याची कल्पना प्रत्यक्षात उतरली ती 1961 साली. त्यापूर्वी छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा खिडकीत द्यावा आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, उत्तर घ्यायला यावे अशी रीत होती. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर 1961 मध्ये एक व्यवस्था दाखवली. यंत्र एकच, पण ते आपला वेळ बारीक तुकड्यांत वाटून पाळीपाळीने प्रत्येकाकडे वळे, आणि प्रत्येकाला वाटे की यंत्र आपल्याच सेवेत आहे. अनेक माणसे आली म्हणताच दोन गोष्टी अपरिहार्य झाल्या : कोण बसले आहे हे यंत्राला कळले पाहिजे, आणि एकाच्या कागदांना दुसऱ्याचा हात लागता कामा नये. पासवर्ड तेथे आला तो याच गरजेतून.

आणि त्याची फोडाफोडही लगेचच आली. अ‍ॅलन शेर नावाच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास यंत्र मिळे, ते पुरेनात. 1962 साली त्याने पासवर्डांची फाइल छापण्याची मागणी रीतसर पत्त्यांवर टंकून रात्रीच्या छपाईच्या कामात सरकवली आणि सकाळी यादी उचलली. पुढे तो इतरांच्या नावाने बसू लागला. प्रबंध पुरा करण्यासाठी माणूस काय करील याची कल्पना असलेल्या आपल्या वाचकांना या गृहस्थाविषयी फार राग येणार नाही.

त्याहून बोधप्रद प्रसंग 1966 च्या सुमाराचा. या व्यवस्थेत फाइल दुरुस्त करायला घेतली की तिची एक तात्पुरती प्रत तयार होई आणि त्या प्रतीचे नाव ठरलेले असे. एका विभागात एका वेळी एकच माणूस काम करील, हे गृहीत धरून ते नाव एकच ठेवले होते. व्यवस्थापक मंडळी मात्र आपल्या सोयीसाठी एकाच विभागात काम करीत. एके दिवशी त्यांच्यापैकी एक जण सर्वांना दाखवायची दैनंदिन सूचना दुरुस्त करीत होता, त्याच वेळी दुसरा पासवर्डांची फाइल. दोघांच्या तात्पुरत्या प्रतींचे नाव एकच. प्रती परस्परांत मिसळल्या, आणि त्यानंतर जो कोणी बसे त्याच्या पुढ्यात सुप्रभातीच्या सूचनेऐवजी सगळ्या वापरकर्त्यांची नावे आणि पासवर्ड छापून येऊ लागले. कोर्बातोंनी 1990 च्या ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने केलेल्या भाषणात हा किस्सा स्वतः सांगितला. यात कुणाचा हेतू वाईट नव्हता, यंत्रही बिघडले नव्हते. दोन सत्रे होती, आणि दोन सत्रांत एकच नाव दोन वस्तूंना लागले होते.

येथून अक्षरांकडे वळू. वस्तूला अक्षराने हाक मारण्याची पद्धत आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळली. तेथे एका मोठ्या तबकडीचे अनेक लहान भाग करून प्रत्येक वापरकर्त्याला त्याचा-त्याचा भाग देत आणि तो एका अक्षराने ओळखला जाई. म्हणजे जन्मतःच हे अक्षर सापेक्ष होते : माझ्या अक्षरामागची वस्तू वेगळी, तुमच्या त्याच अक्षरामागची वेगळी. 1974 साली गॅरी किल्डॉल यांनी छोट्या संगणकांसाठी सीपी/एम ही प्रणाली रचली आणि अक्षरांची रीत तीत घेतली. पण छोटा संगणक एकट्याचा. त्यामुळे अक्षर आता सरळ यंत्राच्या अवयवाला चिकटले. ए म्हणजे ही फ्लॉपीची फट, बी म्हणजे ती दुसरी. 1981 मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक डॉससह आला, 1983 मध्ये त्याच्या पुढच्या आवृत्तीत दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क बसली आणि ती सी झाली. फ्लॉपी केव्हाच गेल्या. आजही बहुतेकांच्या विंडोज संगणकावर पहिली डिस्क सीच आहे आणि ए, बी या जागा रिकाम्या आहेत. भाषेत लुप्त वर्ण असतात तसेच हे.

माझ्या पिढीची समजूत येथेच घडली. आम्ही संगणक शिकलो तो फ्लॉपीच्या फटीकडे बोट दाखवून. अक्षर म्हणजे जागा, जागा म्हणजे हाताला लागणारी वस्तू.

दरम्यान जाल आले आणि अक्षर पुन्हा सैल झाले. नॉव्हेल कंपनीची नेटवेअर ही प्रणाली 1983 पासूनची. 1990 च्या दशकात आपल्याकडील बँका, कारखाने आणि संगणक-संस्था यांच्या प्रयोगशाळांत तिचा बराच संचार होता. डॉस आपल्यापाशी ई पर्यंतची अक्षरे राखून ठेवी, म्हणून जालावरची पहिली जागा एफ. ज्यांनी त्या काळ्या पडद्यावर काम केले आहे त्यांना एफ म्हटले की अजून ‘लॉगिन’ हाच शब्द आठवतो. कारण माणूस अजून आत आलेला नसताना त्याला दिसणारे देवडीसारखे एकच दालन तेथे असे, आणि त्यात आत येण्याची आज्ञा ठेवलेली असे. नाव-पासवर्ड पटला की सर्व्हर एक छोटी संहिता वाचून दाखवी : अमक्याला एफ म्हणजे हे, जी म्हणजे ते, झेड म्हणजे सर्वांच्या उपयोगाच्या आज्ञा. याला मॅपिंग म्हणत. बाहेर पडताच हे सगळे पुसले जाई. पुढे विंडोजने हेच चित्रमय केले.

एक अवांतर गोष्ट सांगण्याचा मोह होतो. विंडोजच्या या देवघेवीची बोली एसएमबी या तीन अक्षरांनी ओळखली जाते. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी तीच बोली बोलणारा आपला मुक्त सर्व्हर 1990 च्या दशकाच्या आरंभी लिहिला. नावावरून हक्काची अडचण आली तेव्हा त्यांनी संगणकाला शब्दयादीत एस, एम, बी या क्रमाने येणारे शब्द शोधायला लावले आणि ‘सांबा’ निघाला. कोशात शोधून नाव ठेवण्याची ही पद्धत आपल्या बारशांना जवळची आहे.

तर एच ड्राइव्ह नावाची वस्तू कुठेच नसते. सर्व्हरवर एक फोल्डर असतो. त्याचा पूर्ण पत्ता दोन तिरप्या रेघा, सर्व्हरचे नाव, मग सामायिक दालनाचे नाव, मग आतला मार्ग असा लांबलचक लिहितात. तो कोणत्याही संगणकावरून, कोणीही लिहिला तरी एकाच ठिकाणी नेतो, दार उघडणे न उघडणे अधिकारावर. पण एवढे कोण लिहिणार? म्हणून सत्र सुरू होताच त्या पत्त्याला एक अक्षर जोडून देतात. ते अक्षर त्या माणसापुरते आणि त्या सत्रापुरते. व्याकरणाच्या वर्गात मी आता असे सांगते की पूर्ण पत्ता हे विशेषनाम आणि ड्राइव्हचे अक्षर हे सर्वनाम. ‘मी’, ‘आपला’, ‘येथे’ यांचा अर्थ जसा बोलणाऱ्यावाचून ठरत नाही, तसा ‘एच’चा अर्थ बसलेल्यावाचून ठरत नाही. शेजारच्या संगणकावर माझे सहकारी बसले की त्यांचाही एच असे, आणि त्यात त्यांचे भाषाविज्ञानाचे टिपण असे. 2005 च्या माझ्या तळटिपेत मी ‘ते तेथे आहे’ एवढेच लिहिले होते म्हणायचे. सर्वनाम होते, पूर्वपद नव्हते.

सत्रांची व्यवस्था पाहणाऱ्याला यापेक्षा रोजच्या कटकटी असतात. एकाने फाइल उघडली की जाल ती त्याच्या नावाने अडकवून ठेवते. दुसऱ्याला सांगते की ही अमक्याच्या वापरात आहे, हवी तर वाचा, लिहिता येणार नाही. हे योग्यच. नाहीतर एमआयटीतल्या दोन व्यवस्थापकांची गत. पण अमका फाइल उघडी टाकून साडेपाचची एस.टी. पकडून गेलेला असतो. मग सर्व्हरवर सत्रांची यादी उघडतात : नाव, कोणत्या संगणकावरून, किती वेळ, किती फाइली उघड्या, किती वेळ हालचाल नाही. त्यातले एक सत्र निवडून तोडायचे. त्याने जतन न केलेले जे असेल ते गेले. निकालाच्या दिवसांत आमच्या सहायकांना हा निर्णय दिवसातून अनेकदा घ्यावा लागे आणि ते आधी फोन लावून बघत. फोन उचलला जात नसे.

दुसरी गोष्ट लाल फुलीची. जोडणी तुटली की विंडोज त्या अक्षराच्या चित्रावर तांबडी फुली उमटवते. पण विंडोजच्या सर्व्हरची मूळची रीत अशी की पंधरा मिनिटे कुणी काही मागितले नाही तर तो जोडणी सोडून देतो. अशा वेळी फुली दिसते, क्लिक केले की मार्ग पुन्हा जुळतो आणि सारे जेथल्या तेथे असते. सर्व्हर बंद पडला तरी फुली, फोल्डर काढून टाकला तरी फुली. झोपलेल्याची आणि मेलेल्याची खूण एकच. माणसाला त्या खुणेची सवय होते आणि तो घाबरेनासा होतो.

माझी नेमणूक 2006 च्या उन्हाळ्यात संपली. पुढच्या जूनमध्ये माझे नाव यादीत नव्हते. मी वर्षभराने काही कामासाठी त्या महाविद्यालयात गेले, सहायकांना विनंती केली, तेव्हा त्यांनी कळवळून सांगितले की सेवेत नसलेल्यांची खाती उन्हाळ्यात काढतात आणि खात्याबरोबर त्याचा फोल्डरही जातो. जागा कमी पडते. त्या तिसऱ्या संगणकावर मी भाबडेपणाने बसूनही पाहिले. सी होता, डी होता. कोणाचे चुकले असे म्हणण्याची सोय नाही. फोल्डर खात्याचा, खाते नेमणुकीचे, नेमणूक तासांची. या साखळीत नेसरीच्या आजी कुठे बसत नव्हत्या.

हा प्रकार संगणकाने आणला असे मला बरीच वर्षे वाटे. पुढे कोल्हापूरच्या इतिहासाचे वाचन करताना जाणवले की दप्तर माणसाचे की पदाचे, हा येथला फार जुना वाद आहे. गावचे दप्तर पूर्वी कुलकर्ण्याच्या घरी असे. पिढीजात वतन, त्यामुळे कागद पिढीजात आणि तो वाचण्याचे कसबही पिढीजात. जमीन कुणब्याची, पण तिच्याविषयी काय लिहिले आहे हे पाहायचे तर कुलकर्ण्याच्या सोप्यात जाऊन बसायचे आणि तो रुमाल सोडील तेव्हा, वाचील तेवढे ऐकायचे. दप्तर कुठे आहे हे गावाला ठाऊक होते. ते उघडण्याचा हक्क मात्र एकाच घराला होता. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 साली करवीर संस्थानात कुलकर्णी वतन रद्द केले आणि पगारी तलाठी नेमले. या सुधारणेचे वर्णन सामान्यतः जातीय वर्चस्वाला दिलेला धक्का असे होते, आणि ते होतेच. पण दप्तराच्या बाजूने पाहिले तर त्या वर्षी कागद घरातून पदाकडे गेला. तलाठी बदलून गेला तरी दप्तर सजावर राहणार, नव्याने कार्यभार घेणाऱ्याच्या सहीने ते त्याच्याकडे येणार. मुंबई राज्यात हे व्हायला 1950 चा कायदा यावा लागला. तो 1951 पासून अमलात आला.

शाहू महाराजांच्या बाजूने मी निःसंशय आहे. तरी अभ्यासक म्हणून एक टोचणी राहते. राजवाड्यांनी गावोगाव फिरून 1898 पासून जी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली, त्यांतील कितीतरी कागद घराघरांच्या माळ्यांवर, पोटमाळ्यांवर सापडले. घराला फेकण्याची घाई नसते. पदाला मुदत असते, आणि मुदतीबरोबर नियम. आपल्या कार्यालयांत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग करतात. अ कायमचे, बाकीच्यांना ठरावीक वर्षे, मग नाश. (येथेही अक्षरेच.) त्या नियमांवाचून कार्यालय चालणार नाही हे मला कळते. माझा फोल्डर कुणी वर्गीकृत केला असता तर तो ड मध्ये गेला असता हेही कळते.

पेशवे दप्तराचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पुण्याच्या त्या इमारतीत हजारो रुमाल आहेत. सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात त्यातील निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले. रुमाल हे निव्वळ फडके, पण त्याला दिलेला क्रमांक कुणाच्या बसण्यावर अवलंबून नाही. संशोधक गेला, अभिलेखपाल निवृत्त झाला, तरी तळटिपेतला क्रमांक दुसऱ्या संशोधकाला त्याच गाठोड्याकडे नेतो. दोन तिरप्या रेघांचा लांबलचक पत्ता जे करतो ते हे.

आमच्याच जिल्ह्यात जालाचा पहिला मोठा प्रयोग झाला तो वारणानगरला. 1998 साली वारणेच्या सहकारी समूहाभोवतालची, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचे काम सुरू झाले. निम्मा खर्च केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा, दहा टक्के वारणेचा. त्या वेळच्या वृत्तपत्रांत इंटरनेटवर हवामान पाहणाऱ्या शेतकऱ्याचे चित्र रंगवलेले असे. प्रत्यक्षात केंद्रांवर मुख्यतः उसाचे काम चाले : लागणीची नोंद, तोडीची परवानगी, वजन, बिल, खताची उचल. आणि यंत्रापुढे बसे तो केंद्रचालक. शेतकरी खिडकीपलीकडे उभा. सत्र चालकाच्या नावाने, ऊस शेतकऱ्याचा. कुलकर्ण्याच्या सोप्याची येथे आठवण येते, पण ती तुलना फार ताणू नये; चालक पगारी होता, पावती छापील मिळे, आणि रांगेत पाळी सर्वांची होती. 2006 च्या सुमारास एका संशोधनगटाने सात गावांत तपासून पाहिले की हे सारे मोबाइलच्या एसएमएसने होते का. झाले, स्वस्तात झाले, आणि प्रश्न शेतकऱ्याच्या हातातील यंत्रावरून विचारला जाऊ लागला. संगणकाच्या इतिहासात हा प्रयोग खर्चाच्या आकड्यांसाठी सांगितला जातो. मला त्यात बसण्याची जागा बदललेली दिसते.

सातबाराची कथा त्याच दिशेची, अधिक मोठी. आज नेसरीचा माणूस डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मुंबईत बसून काढू शकतो. ही सोय राज्यात 1 मे 2018 पासून सुरू झाली. फेरफार मात्र तलाठी – म्हणजे अलीकडे ज्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणू लागलो तो – आपल्या नावाने बसूनच घालतो, पंधरा दिवसांची नोटीस निघते, मंडळ अधिकारी आपल्या नावाने बसून प्रमाणित करतो. नोंदीबरोबर कोणत्या नावाच्या सत्रात ती झाली हेही राहते. सर्व्हर संथ असला की ही मंडळी रात्री उशिरा, गर्दी ओसरल्यावर कामे उरकत. चार तास न पुरल्यामुळे दुसऱ्यांच्या नावाने बसणारा तो अमेरिकन विद्यार्थी मला अशा वेळी आठवतो.

विद्यार्थिनीला मी यातले बरेचसे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग कॅसेटी?”

कॅसेटी होत्या. अकरांपैकी चार मी पुढे दुसऱ्या रेकॉर्डिंगसाठी पुसून वापरल्या होत्या. त्या काळी कोरी कॅसेट तीस-पस्तीस रुपयांना पडे आणि संहिता तर एचवर सुरक्षितच होत्या. दोनींना बुरशी लागलेली. पाच वाजल्या. तीन नावे घेणाऱ्या आजी चौथ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला आहेत; मागे दळणाचा आवाज आहे आणि त्यांचे ते वाक्य माझ्या आठवणीपेक्षा थोडे वेगळे निघाले. त्या वारल्याला बरीच वर्षे झाली. विद्यार्थिनीने पाचही कॅसेटी फोनवर उतरवून घेतल्या आणि पुन्हा, आता युनिकोडमध्ये, टंकित करायला बसली आहे. फाइलींची नावे काय द्यावीत यावर आमचा दोन दिवस वाद झाला. शेवटी गाव, कॅसेट क्रमांक, बाजू आणि तारीख असे ठरले. सांगणाऱ्यांची नावे फाइलीच्या आत आहेत.

प्रबंधिकेची एक प्रत विभागाच्या ग्रंथालयात आहे. छापील प्रतीवर काही लिहू नये हा नियम मीच मुलांना सांगत असते. मागच्या आठवड्यात मी ती प्रत काढली आणि त्या तळटिपेशेजारी पेन्सिलीने लिहिले : ‘मराठी विभाग, लोखंडी कपाट क्र. 2, खालचा खण, बुटाचे खोके. कॅसेट 2, 4, 5, 8, 11. किल्ली कार्यालयात.’